चेंबरपासून सोसायटीच्या सभेपर्यंत : हक्कांवरचा माहितीपट कामाला कसा लावायचा

माहितीपट बनवू शकणाऱ्यांची पुण्यात वानवा नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याच रस्त्यावर १९६४ साली सुरू झालेलं फिल्म अर्काइव्ह आहे, आणि बऱ्यापैकी शूटिंग होईल असा कॅमेरा आता खिशातल्या फोनमध्येच असतो. नवी पेठेतल्या एस. एम. जोशी सभागृहात किंवा दांडेकर पुलाजवळच्या साने गुरुजी स्मारकात हक्कांच्या प्रश्नावरची फिल्म लावली, तर माणसं येतातही. पण येणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो प्रश्न आधीच माहीत असतो आणि पटलेला असतो. ज्याच्या एका निर्णयानं पुढचा अन्याय टळेल, तो माणूस सहसा त्या खुर्च्यांवर नसतो.

म्हणून कॅमेऱ्याच्या आधी प्रेक्षक ठरवायचा. हे कसं करतात ते एकच उदाहरण धरून पाहू : सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरून जीव गमावणारा सफाई कामगार. विषय दुसरा असेल, वीटभट्टीवरची वेठबिगारी किंवा वस्ती हटवणं, तरी कामाची रीत फारशी बदलत नाही.

कुणाला दाखवायचं आणि त्यानं काय करायचं

या प्रश्नावर कायद्याची कमतरता नाही. हातानं मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या कलम ७ नुसार सुरक्षा साधनं आणि खबरदारी यांच्याशिवाय कुणालाही गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावता येत नाही. ही बंदी महापालिकेला आहे, ठेकेदाराला आहे आणि खासगी माणसालाही आहे. कलम ९ खाली पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली, आणि कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख.

इतकं असूनही माणूस आत उतरतो, कारण त्याला कुणीतरी बोलावतं. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. समाविष्ट भागात सगळीकडे ड्रेनेजची लाइन पोचलेली नाही, त्यामुळे सोसायटीची स्वतःची सेप्टिक टँक किंवा सांडपाणी शुद्धीकरणाची टाकी असते. ती तुंबते. सेक्रेटरी ओळखीच्या ठेकेदाराला फोन लावतो, ठेकेदार दोन पोरं, दोरी आणि बादली पाठवतो. आपण केलेल्या फोनमधून अजामीनपात्र गुन्हा घडू शकतो याची सेक्रेटरीला बहुधा कल्पनाही नसते.

म्हणजे या फिल्मचा पहिला प्रेक्षक सोसायटीची कमिटी. आणि त्यांनी करायची गोष्ट एका वाक्यात मावली पाहिजे. उदाहरणार्थ, सर्वसाधारण सभेत हा ठराव : ‘सोसायटीच्या सेप्टिक टँक, चेंबर व सांडपाण्याच्या टाकीत कोणत्याही कारणासाठी माणूस उतरवला जाणार नाही, सफाई फक्त सक्शन (गाळ ओढून घेणाऱ्या) किंवा जेटिंग (दाबानं पाणी मारणाऱ्या) मशीननं होईल, ठेकेदाराशी लेखी करार असेल आणि बिल घेतलं जाईल.’ फिल्ममधलं प्रत्येक दृश्य या ठरावाकडे नेतं का, हे एडिटिंगच्या टेबलावर सतत विचारता येतं. ‘समाजात जागृती व्हावी’ एवढाच हेतू असेल, तर कुठलं दृश्य ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे ठरवायला काहीच आधार उरत नाही.

फिल्मच्या आधी तक्रार

हा टप्पा पुष्कळदा राहून जातो, आणि त्याची किंमत कुटुंबाला मोजावी लागते. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३६ तसं सांगतं. माहितीपट पुरा व्हायला सहज दीड वर्ष लागतं. ‘फिल्म झाली की तिच्या आधारे तक्रार करू’ असं म्हणत बसलात तर दार बंद झालेलं असेल. एफआयआर कुठल्या कलमांखाली नोंदला आहे, भरपाईचा अर्ज गेला आहे का, मृत अनुसूचित जातीचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं आहे का, हे शूटिंगच्या पहिल्या आठवड्यात वकिलासोबत बसून पाहून घ्या.

कागद मिळवायला माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, शब्दमर्यादा १५०, शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सफाई कामगारांची सर्व माहिती द्या’ असा अर्ज केला तर उत्तर हाती लागत नाही. ‘अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत अमुक वर्षात सक्शन मशीनसाठी आलेल्या मागणीअर्जांच्या नोंदवहीची प्रत’ असं मागितलं तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. दर कागदाला वेगळा अर्ज टाका.

होकार एकदाच घेऊन भागत नाही

सहीचा कागद खिशात आहे म्हणजे संमती मिळाली, असं समजू नका. मृताच्या पत्नीला कॅमेरा कळतो, पण यूट्यूबवर चढवलेली गोष्ट गावाकडच्या दिराच्या फोनवर जाते, मुलाच्या वर्गात पोचते, ठेकेदारही पाहतो, हे डोळ्यांपुढे आणून द्यावं लागतं. म्हणून होकार पायरीपायरीनं विचारायचा. सोसायट्यांच्या सभेत दाखवू का? पुण्यातल्या सभागृहात? गावाकडे? टीव्हीवर? इंटरनेटवर? प्रत्येकाला वेगळं हो किंवा नाही. कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरात असावा. वाचता येत नसेल तर तो मोठ्यानं वाचून दाखवतानाचं रेकॉर्डिंग ठेवावं. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, तयार झाला की त्यांना तो आधी दाखवायचा आणि तिथं पुन्हा विचारायचं. तोवर ‘नको’ म्हणायची पूर्ण मोकळीक, कारण न विचारता.

दिवसकार्यं चालू असताना कॅमेरा घेऊन जाऊ नका. मुलाखतीसाठी कुणाचा खाडा पडला तर त्या दिवसाची मजुरी द्यावी, तो त्यांचा हक्क आहे. बोलण्याचे पैसे मात्र देऊ नयेत; पुढे कोर्टात ती साक्ष विकत घेतली असं म्हणायला जागा राहते.

आणि काहीही झालं तरी शूटिंगसाठी कुणाला चेंबरमध्ये उतरवू नका, ‘नुसतं दोन पायऱ्या’ असंही नाही. तुमच्या समोर कुणी उतरत असेल तर कॅमेरा खाली ठेवून त्याला थांबवा.

ओळख लपवायची असेल तर ती खरोखर लपली पाहिजे. पाठमोऱ्या प्रकाशात बसवलेला चेहरा कॅमेऱ्यात काळा दिसतो, पण फुटेज लॅपटॉपवर उजळवलं की नाकडोळे वर येतात; शूटिंगच्या जागीच उजळवून पाहा. बारीक चौकोनांचा किंवा हलका धूसर पट्टा पुरेसा नाही, चेहऱ्यावर गडद, सलग आवरण हवं. आवाजाची पट्टी बदलली तर ती उलट बदलून मूळ आवाज काढता येतो, म्हणून तेच शब्द दुसऱ्या माणसाकडून वाचून घेणं जास्त सुरक्षित. एवढं करूनही हातावरचं गोंदण, दाराचा रंग, भिंतीवरचा फोटो किंवा बोलण्यातला गावाचा हेल यांवरून शेजारी ओळखतात. रफ कट पाहताना हे त्या माणसालाच विचारा. त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. फोननं शूट केलं असेल तर व्हिडिओच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहते, लोकेशन आधीच बंद करा.

दोन ठिकाणी तर तुमच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती ओळखू येईल असं काहीही दाखवायला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ मनाई करतं. बालकांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. तिथं नाव तर नाहीच, पण शाळा, पत्ता, नातेवाईक, काहीही नाही.

मुलाखत आणि आवाज

‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ हा प्रश्न विचारू नका. तो माणसाला रडवतो आणि प्रेक्षकाच्या हाती काही देत नाही. विचारायचं ते असं : त्या दिवशी फोन किती वाजता आला? कुणी केला? पैसे किती ठरले? झाकण उघडून किती वेळ झाला होता? दोरी कुणाची होती? वर कोण उभं होतं? पहिला बेशुद्ध पडल्यावर दुसरा का उतरला? अशा उत्तरांतून त्या सकाळचं चित्र उभं राहतं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यात स्वतःचा फोन ऐकू येतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विज्ञानात आहे आणि ते फिल्ममध्ये यायलाच हवं. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड असल्यानं तो तळाशी साचतो आणि गाळ ढवळला की एकदम उसळतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे ‘वास गेला, आता हरकत नाही’ असं वाटतं. त्याहून बरंच वाढलं की काही श्वासांत शुद्ध हरपते. वरच्याला मित्र पडलेला दिसतो, तो वाचवायला उतरतो आणि तोही पडतो. एका टाकीत दोन-तीन माणसं जातात ती अशी. पेटती काडी किंवा मेणबत्ती सोडून पाहणं घातक आहे : त्यानं हायड्रोजन सल्फाइडचा विषारीपणा कळत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडतो. ‘पिऊन उतरला असेल’ असं कुणी म्हणालं, तर त्यावर गॅसची ही माहिती हेच उत्तर आहे. पाऊण मिनिटाच्या साध्या रेखाटनांच्या अ‍ॅनिमेशननं हे दाखवता येतं.

चित्र थोडं डावं-उजवं चालतं, पण आवाज बिघडला तर माणसं उठून जातात. कॉलर माइक पदराखाली लावला तर प्रत्येक हालचालीला खसखस येते आणि मंगळसूत्राचे मणी त्यावर वाजतात. तो ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला, पदर बाजूला घेऊन लावावा, आणि लावायला बाई असावी. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला, आवाजाचा काटा साधारण उणे बारा डेसिबलच्या आसपास. मुलाखत झाली की कुणी न बोलता त्याच खोलीचा एक मिनिट आवाज घ्या. एडिटिंगमध्ये सांधे बुजवायला तो लागतो. पत्र्याच्या घरात जून ते सप्टेंबर पाऊस बोलू देत नाही, आणि गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीकाठी संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव चालतो. कामगारांची वस्ती नदीजवळ असेल तर मुलाखती सकाळी ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर ठेवलं की ट्यूबलाइटची फडफड सहसा टळते.

ड्रोनचा मोह होतो. पुण्यात लोहगावचा विमानतळ, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि लष्कराच्या जागा यांमुळे बऱ्याच भागावर निर्बंध आहेत, परवानगीचं पाहिल्याशिवाय उडवू नका. गच्चीवरून घेतलेला शॉट पुष्कळदा तेवढंच काम करतो.

फुटेज सांभाळणं

वीस मिनिटांच्या फिल्मसाठी पंधरा-वीस तासांचं फुटेज सहज होतं. सेकंदाला ५० मेगाबिटचं रेकॉर्डिंग असेल तर तासाला सुमारे साडेबावीस जीबी, म्हणजे पंधरा तासांना ३४० जीबीच्या आसपास. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या कुणाच्या घरी. नावं आणि पत्ते असलेली वही फुटेजसोबत ठेवू नका.

एखादा तुकडा पुढे कोर्टात लागेल असं वाटलं तर कॅमेऱ्यातलं मूळ मेमरी कार्ड पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचा ‘हॅश’ लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा : फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी तो आकडा बदलतो. कॉपी करताच हॅश काढून तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी काढलेला हॅश मधल्या काळात काही बदललं नाही हे सांगू शकत नाही.

एडिटिंग, दुसरी बाजू, सबटायटल

ज्याच्यावर आरोप येतो त्याला लेखी विचारा : ठेकेदार, सोसायटी, महापालिकेचं संबंधित खातं. पत्रात नेमके प्रश्न, उत्तराला पंधरा दिवस, पोचपावती जपून. उत्तर आलं तर फिल्ममध्ये घ्या, आलं नाही तर तसं पडद्यावर लिहा. अब्रुनुकसानीच्या नोटिशीत हा कागद उपयोगी पडतो. शिवाय प्रेक्षकांत बसलेल्या कमिटीला आपलं म्हणणं ऐकून घेतलंय असं वाटलं, तरच ती ऐकते. खटला चालू असेल तर ‘अमुकनं मारलं’ असं निवेदन नको. ‘अमुकवर गुन्हा दाखल आहे’ एवढंच.

दोन आवृत्त्या करा. सभेसाठी बारा मिनिटांची, वस्तीसाठी पंचवीस मिनिटांची. सभेच्या आवृत्तीत फोन, गॅस, कायदा, मशीन आणि ठराव. वस्तीच्या आवृत्तीत नकार कसा द्यायचा आणि भरपाईचा अर्ज कसा करायचा हे जास्त. कुटुंबाचं दुःख दोन्हींत असावं, पण प्रेताचे फोटो नकोत. ते पाहिले की लोक मान फिरवतात, आणि घरच्यांना ते आयुष्यभर पुरतात.

बोली बदलू नका. कामगार मराठवाड्याच्या मराठीत बोलत असेल तर सबटायटल त्याच बोलीत ठेवा, प्रमाण भाषेत ‘सुधारून’ लिहिणं म्हणजे त्याचं बोलणं काढून घेणं. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, किमान दोन सेकंद. देवनागरीत ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर चढतात. काही सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतं. ‘हक्क’चं ‘हक् क’ झालेलं पूर्ण फाइल तयार झाल्यावर कळण्यापेक्षा एक मिनिट आधी काढून पाहिलेलं बरं.

सर्टिफिकेट

सार्वजनिक प्रदर्शनासाठी माहितीपटालाही सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे. प्रदर्शनाआधीच्या या तपासणीला, म्हणजे पूर्वपरीक्षणालाच, आव्हान देणारा प्रसिद्ध खटला एका छोट्या माहितीपटावरूनच झाला : दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’वरून, १९७० साली. सर्वोच्च न्यायालयानं पूर्वपरीक्षण वैध धरलं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या फिल्मचं) ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन गट झाले आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली. अर्ज ऑनलाइन होतो. प्रदर्शनाची तारीख जाहीर करून मग अर्ज करू नका, दुरुस्त्या सुचवल्या तर हातात वेळ लागतो. सभासदांपुरत्या बैठकीत दाखवण्याबद्दल शंका असेल तर आधी वकिलाचं मत घ्या.

दाखवण्याचा दिवस

सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, आणि नोटीस चौदा दिवस आधी निघते. विषयपत्रिकेत ठराव यायचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच कमिटीला भेटा. सभेत फिल्म सुरुवातीला लावा, पार्किंग आणि मेंटेनन्सचे वाद सुरू झाल्यावर नाही. ठरावाचा मसुदा आणि सक्शन मशीन कुठून मागवायचं त्याची माहिती एकाच कागदावर, फिल्म संपताच हातात द्या. बोलायला सफाई कामगारांच्या संघटनेचा माणूस असावा, दिग्दर्शक नव्हे.

वस्तीत अंधार पडल्यावर, पण रात्री दहाच्या आत, कारण त्यानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. कामगार पहाटे निघतात, तेव्हा साडेसातला सुरू करून नऊला संपवा. प्रोजेक्टर किमान तीन हजार लुमेनचा, शेजारच्या दिव्याचा खांब पडद्यामागे राहील अशी जागा. फिल्म पंचवीस मिनिटं, तर बोलायला चाळीस ठेवा. तिथं कुणी सांगेल की ‘मी पण परवाच उतरलो होतो.’ त्या वेळी फोन बाहेर काढून शूट करू नका. नाव लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कोण जाणार ते तिथंच ठरवा.

तीन आणि सहा महिन्यांनी प्रत्येक सोसायटीला फोन करा : ठराव झाला का, मशीन मागवलं का, बिल आहे का? यूट्यूबवरच्या आकड्यापेक्षा हे आकडे महत्त्वाचे. ठराव करूनही माणूस उतरवला असेल तर कारण विचारा. मशीन वेळेवर आलं नाही किंवा गल्ली अरुंद असल्यानं टँकर आत शिरला नाही, असं कळेल, आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे पुढचा अर्ज त्यावर करता येईल.

कधीतरी घरच्यांचाही फोन येईल. मुलगी मोठी झाली आहे, नोकरीला लागली आहे, आईचा तो व्हिडिओ आता नको आहे. इंटरनेटवरून तो त्याच दिवशी उतरवा, आणि ज्यांना ज्यांना कॉपी दिली त्यांना कळवा. त्यासाठी कॉपी कुणाला, कधी आणि कशावर दिली याची यादी पहिल्या पेन ड्राइव्हपासून लिहिलेली लागते.